रजेचा अर्ज आणि मुकादमाचा खाडा

गांवांतील शाळामास्तराकडे मुलांच्या शिक्षणाखेरीज जीं दुसरीं कामें आपोआप चालून येतात, त्यांत अर्ज लिहून देणें हें एक होय. कोणाचा सातबाऱ्याचा, कोणाचा विहिरीचा. आणि अलीकडे तालुक्याच्या औद्योगिक वसाहतींत कामास जाणारे आमचे जुने विद्यार्थी येतात ते रजेचा अर्ज घेऊन. या अर्जांत एक गोष्ट मीं वर्षानुवर्षें पाहिली आहे. मनुष्य खरें कारण लिहूं देत नाहीं. घरीं पेरणी खोळंबलेली असते, बहिणीला पाहावयास पाहुणे यावयाचे असतात, किंवा तो नुसता थकलेला असतो. परंतु मास्तरांनीं लिहावयाचें तें "आजी वारली" असेंच. एका घरची एकच आजी माझ्या हातून तीन वेळां वारली. आणि म्हातारी अजून सकाळीं शेळ्या घेऊन शाळेपुढून जाते व मला रामराम करते.

वाचकहो, गोष्ट हंसण्यासारखी खरी, पण तिच्या मुळाशीं हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्या मनुष्यास असें वाटतें कीं रजा ही साहेबाच्या घरची वस्तु आहे. त्याला दया आली तर मिळेल, न आली तर नाहीं. म्हणून दया यावी एवढें मोठें दुःख त्यास रचावें लागतें. सावकाराच्या दारीं मनुष्य रडतो, पण आपल्या कणगींतले दाणे काढतांना कोणी रडत नाहीं. रजा ही कणगींतली आहे, हें आपल्या लोकांस कोणी सांगितलेलेंच नाहीं. मग साहेब म्हणतो, "काम पुष्कळ आहे, माणसें कमी आहेत, गेलास तर परत येऊं नकोस." कंत्राटदाराकडे जावें तर तो म्हणतो कंपनीस विचार, कंपनीस विचारावें तर ती म्हणते, तूं कंत्राटदाराचा माणूस. या दोन दारांमध्यें हिंडतांना पेरणीचा वाफसा निघून जातो.

आतां, आठवड्याची जी एक सुट्टी आज सगळा देश भोगतो, ती तरी कोणी दिली? पुष्कळ शिकलेले लोकही सांगतात कीं इंग्रज देवळांत जात म्हणून रविवार मिळाला. इंग्रज जात असेल देवळांत. पण त्याच्याच राज्यांत मुंबईच्या गिरण्यांतले मजूर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत होते. १८८१ सालच्या पहिल्या कारखाना कायद्यानें लहान मुलांस महिन्याच्या चार सुट्या दिल्या. मोठ्या माणसांस एकही दिली नाहीं. ती मिळविली सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनीं व त्यांच्या मागें उभ्या राहिलेल्या मजुरांनीं. लोखंडे स्वतः गिरणींत नोकरी केलेले. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास काढलेलें 'दीनबंधु' पत्र पुढें मुंबईस त्यांनीं चालविलें. १८८४ सालीं त्यांनीं मजुरांची सभा भरविली व एक अर्ज तयार केला. त्या अर्जावर साडेपांच हजार मजुरांच्या सह्या होत्या. मागणें काय? आठवड्यास रविवारची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत पगार, आणि काम करतांना इजा झाली तर भरपाई.

यांतलें पगाराचें कलम वाचकांनीं नजरेआड करूं नये. गिरणीवाले पगार महिना महिना, कधीं त्याहूनही अधिक मागें ठेवीत. मजूर न विचारतां गांवीं गेला तर तो मागला पगार बुडे. म्हणजे रजा नाकारण्यासाठीं साहेबाला दारावर शिपाई ठेवावा लागत नसे. मजुराचा घाम साहेबाच्या तिजोरींत अडकलेला असे, तोच त्याला बांधून ठेवी. लोखंड्यांस हें ठाऊक होतें, म्हणून त्यांनीं सुट्टी व पगार हीं दोन्हीं कलमें एकाच कागदावर लिहिलीं.

मालक एका अर्जानें वळले नाहींत. सहा वर्षें गेलीं. १८९० च्या एप्रिलांत पुन्हां सभा झाली, तिला सुमारें दहा हजार मजूर जमले व दोन मजूर बायांनीं भाषणें केलीं. त्या काळीं बाईनें सभेंत उभें राहणें म्हणजे काय, हें ज्याचें त्यानें मनांत आणावें! अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीं ती कायद्यांत आली. रविवार हा आपल्या खंडोबाचाही वार आहे, असा मुद्दा लोखंड्यांनीं मांडला होता असें सांगतात.

ती बिनपगारी सुट्टी होती. पगारी रजेस आणखी अर्धशतक लागलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूरखात्याचे सभासद असतांना, १९४५ सालीं, कारखान्यांतील मजुरांस वर्षास दहा दिवसांची पगारी रजा देणारी दुरुस्ती झाली. १९४८ च्या कायद्यानें वर्षांत २४० दिवस काम केलेल्यास वीस दिवसांमागें एक दिवस रजा ठरविली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी नवी संहिता अमलांत आली, तिच्यांत २४० चे १८० दिवस झाले आहेत. वीसांस एक हें प्रमाण तेंच आहे. आणि जुन्या व नव्या दोन्हीं कायद्यांत एक वाक्य आहे तें माझ्या मतें सोन्याचें आहे. न घेतलेली रजा पुढल्या वर्षीं तीस दिवसांपर्यंतच नेतां येते. परंतु ज्यानें रजा मागितली व त्याला ती नाकारली गेली, त्याची ती रजा कितीही दिवसांची असो, बुडत नाहीं.

याचा अर्थ नीट ध्यानांत घ्या. तोंडीं मागितलेली रजा व तोंडीं मिळालेला नकार यांचा कोठेंही मागमूस राहत नाहीं. वर्षाच्या अखेरीस साहेब म्हणेल, यानें मागितलीच नव्हती. म्हणून अर्ज लेखी पाहिजे. जुन्या कायद्यांत पंधरा दिवस आधीं मागावी असें होतें, तेवढें अंतर आजही ठेवावें. आजारपणाला मात्र अशी मुदत तेव्हांही लागत नसे. कारण खरें लिहावें, आणि थोडक्यांत. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्यावी. सही देत नसतील तर अर्जाचा फोटो काढून साहेबाच्या मोबाइलवर पाठवावा, तो तरी राहतो. नकार आला तर नम्रपणें म्हणावें, "साहेब, तेवढें लिहून द्या." मीं पाहिलें आहे, या एका वाक्यानें निम्मे नकार वितळतात. मला स्वतःला एकदां वरिष्ठांनीं तोंडीं नकार दिला व मी मुकाट्यानें परत फिरलों. दुसऱ्यांस शहाणपण सांगणारा मास्तर स्वतःच्या अर्जाची प्रत ठेवावयास विसरला होता.

परंतु हें सारें झालें हजेरीपटावर नांव असलेल्यांचें. दसरा-दिवाळीच्या सुमारास माझ्या शाळेचा पट ज्यांच्यामुळें निम्मा होतो, त्यांचें काय? ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास अर्ज कोणाकडे करावयाचा हेंच माहीत नाहीं. तेथें नवराबायको मिळून एक कोयता. पावसाळ्यांत मुकादमाकडून उचल घ्यावयाची व ती फिटेपर्यंत फड सोडावयाचा नाहीं. एक दिवस ताप आला, कीं खाडा. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर पांचशें रुपये वा त्याहून अधिक दंड उचलींत मांडला जातो. गिरणीवाला पगार मागें ठेवून मजुरास बांधी, मुकादम पैसे पुढें देऊन बांधतो. दोर तोच आहे.

या खाड्याचा भार बाईवर अधिक पडतो. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड बायांची सरकारी समितीकडून पाहणी झाली, तेव्हां ८२,३०९ पैकीं १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणें एकच नाहींत: कोंवळ्या वयांतलीं लग्नें, पाण्याची व आडोशाची वाण, पैशास हपापलेले कांहीं डॉक्टर. पण माझ्या विद्यार्थ्यांच्या आया सांगतात तें असें: "गुरुजी, महिन्याला चार दिवस कमरेत कळ येते, खाडा कोण भरणार?" महिन्याचे दोन दिवस विसांवा मिळत नाहीं म्हणून बाई पिशवीच काढून टाकते! मुंबई इलाख्यांत गिरणींतील बायांसाठीं बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९२९ सालीं झाला. २०१७ पासून नोकरदार बायांस ती २६ आठवड्यांची आहे. आणि कोपीवर बाळंत झालेली आमची बाई आठवड्याच्या आंत डोक्यावर मोळी घेते. पोळ्याच्या दिवशीं आपण बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. ठेवलें तर गांव तोंडांत शेण घालील.

येथें कोणी म्हणेल, हें सारें शेटजी-भटजींचें कारस्थान. तसें म्हणून सुटतां आलें असतें तर फार सोपें झालें असतें. पण साखर कारखाना सहकारी, सभासद आपले शेतकरी, संचालक आपले, मुकादम तर बहुधा आपल्याच भावकींतला. लोखंड्यांचें नांव घेणारे आपणच. आणि आणखी खालीं उतरून पाहूं: पाडव्याला सालगडी ठेवतांना आपण त्याच्याशीं किती दिवस रजेचें बोलतों? त्याची पोर आजारी पडली तर खाडा धरणारी वही आपल्याच कोनाड्यांत असते कीं नाहीं?

जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ ठरली, हें चांगलें झालें. दराचें भांडण आपले पुढारी जाणतात. रजेचें भांडण त्यांच्या कानींच पडत नाहीं, कारण तें बहुतेक बायांचें आहे, व बोलणी करावयास बसतात ते पुरुष. म्हणून माझें म्हणणें असें कीं रजेचें बोलणें उचल घेण्यापूर्वीं व्हावें. उचल घेतल्यावर मजुराच्या शब्दास वजन नाहीं. घेण्यापूर्वीं, आषाढांत मुकादम दारोदार फिरत असतो, तेव्हां आहे. गांवांतील सर्व टोळ्यांनीं मिळून एकच कागद करावा: महिन्यास दोन दिवस विनाखाडा, आजारी पडल्यास दंड नाहीं, बाळंतिणीस निदान दीड महिना फडांत उतरविणें नाहीं. एका टोळीनें मागितलें तर मुकादम दुसऱ्या गांवीं जाईल. सगळ्यांनीं मागितलें तर त्याला कारखान्याकडे जावें लागेल, आणि हा प्रश्न मुळांत कारखान्याचाच आहे.

गेल्या वर्षीं आमच्या गांवांत दोन टोळ्यांनीं बोलून पाहिलें. एकीस मुकादमानें हंसून घालविलें. दुसऱ्या टोळींत एक म्हातारी होती, तिनें सांगितलें कीं कागदावर लिही, नाहींतर उचल परत ने. त्यानें पूर्ण ऐकलें नाहीं. पण आजारपणांत बुडालेली मजुरी कापीन, वर दंड धरणार नाहीं, एवढें लिहून दिलें, आणि हंगामभर तें पाळलें. टोळी परतली तेव्हां तिच्यांतील तीन मुलें परीक्षेस वेळेवर हजर होतीं, कारण या वर्षीं उचल फेडण्यासाठीं मागें थांबावें लागलें नाहीं.

या आषाढांत असा कागद ज्यांना करावयाचा असेल त्यांनीं दिवेलागणीनंतर शाळेंत यावें. बायांनीं अवश्य यावें. रजेचे अर्जही लिहून मिळतील. आजीस मात्र घरीं सुखरूप ठेवून यावें.