दात थोडे पुढे आहेत, तार लावायलाच हवी का?

भोकरदन तालुक्यातील धावडा येथून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारा वर्षांची, सातवीत शिकते. तिचे वरचे दात खालच्या दातांपेक्षा किंचित पुढे आहेत. घरात कुणी ते कधी मनावर घेतले नव्हते. पण एका शादीत फुफीने सर्वांसमोर म्हटले, ‘हिचे दात आत्ताच बसवून घ्या, पुढे रिश्ता जमवताना जड जाईल.’ तेव्हापासून मुलगी हसताना ओढणी तोंडावर धरते. एका दवाखान्यात तार लावण्याचा सल्ला मिळाला आणि सांगितलेला खर्च ऐकून अब्बूंनी मक्याचे पैसे त्यासाठी बाजूला काढायचे ठरवले. भगिनी विचारतात, हे खरेच गरजेचे आहे का? आणि अल्लाहने दिलेल्या रूपात बदल करण्याचा गुनाह तर होणार नाही ना?

पहिली गोष्ट म्हणजे वरचे दात खालच्या दातांच्या थोडे पुढे आणि थोडे खाली असणे हीच नैसर्गिक ठेवण आहे. दोन्ही अगदी काठाला काठ लावून बसत नाहीत. मागच्या दाढा मिटल्यावर वरचे दात खालच्या दातांचा साधारण एक तृतीयांश भाग झाकतात. याला डॉक्टर ‘ओव्हरबाइट’ म्हणतात. आपण ज्याला ‘दात पुढे’ म्हणतो ते मात्र आडवे अंतर, म्हणजे ‘ओव्हरजेट’. ते दोन ते तीन मिलीमीटर असले तर त्यात काहीच वावगे नाही. घरोघरी या दोन गोष्टींची गल्लत होते.

‘किंचित’ म्हणजे किती, याचेही माप आहे. ब्रिटनमध्ये १९८९ साली ब्रूक आणि शॉ या दोघांनी उपचाराची गरज ठरवणारी पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. तेथील सरकारी दंतसेवा आजही तिच्या आधारे तार कुणाला द्यायची हे ठरवते. दात सहा मिलीमीटरपर्यंत पुढे असले, पण ओठ सहज मिटत असतील, तर त्या मोजपट्टीवर गरज ‘थोडी’ म्हणजे दुसरी पायरी. ओठ मिटत नसतील तर तिसरी. सहाच्या वर गेले की चौथी, म्हणजे उपचार खरोखर हवा. बघा, यात स्थळ आणि फुफी कुठेच नाहीत, ओठ मात्र आहेत.

म्हणून मुलीला उजेडात बसवा, थुंकी गिळायला सांगा आणि मागच्या दाढा मिटवून तशीच राहू द्या. खालचे दात थोडेफार दिसतात का? ती गप्प बसलेली असताना ओठ जोर न लावता मिटतात का? भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येतो का? वरच्या दातांमागे टाळूवर खालच्या दातांचे वळ उमटलेले नाहीत ना? सगळे ठीक असेल तर घाई करण्यासारखे काही नाही. टाळूला जखम होत असेल, खालचे दात पूर्ण झाकले जात असतील किंवा ओठ उघडेच राहत असतील, तर दाखवायला उशीर करू नका. फार पुढे आलेले दात पडल्यावर लवकर तुटतात, हेही खरे. मूल रात्री तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल, तर आधी नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. तिथला अडथळा तसाच ठेवून दातांना तार लावण्यात अर्थ नाही.

एका बाबतीत मात्र वयाला महत्त्व आहे. दोष दातांचा नसून खालचा जबडा मागे राहिल्याचा असेल, तर वाढीच्या काळात काढ-घाल करता येणाऱ्या उपकरणाने त्याला मदत करता येते. मुलींची ही वाढ मुलांच्या आधी होते. बारा वर्षे म्हणजे ती वेळ चालू आहे किंवा सरत आली आहे. त्यामुळे ‘पुढे बघू’ म्हणून पाच वर्षे सोडून देणे मला पटत नाही. उपचार नको असेल, तरी तपासणी आत्ताच करून घ्या. नुसते दात सरळ करायचे असतील तर ते मोठेपणीही होते.

तपासणी दंतव्यंगोपचारात एम.डी.एस. केलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) शासकीय दंत महाविद्यालयात हा विभाग आहे आणि तिथे खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. तिथे विचारा: अंतर किती मिलीमीटर? दोष दातांचा की जबड्याचा? काहीच केले नाही तर काय बिघडेल? तिसऱ्या प्रश्नाला ‘दिसायला बरे वाटेल’ एवढेच उत्तर मिळाले, तर मक्याचे पैसे तूर्त राहू द्या. तार लावली तर साधारण दीड-दोन वर्षे, दर महिना-दीड महिन्याला फेरी असते. एस.टी.चे भाडे आणि बुडणारी मजुरीही हिशेबात धरा. तार निघाल्यावर रिटेनर वापरला नाही तर दात पुन्हा सरकतात. तार असताना फक्त मिसवाकने भागत नाही, ब्रशही लागतो.

आता गुनाहची शंका. केवळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांबद्दल हदीसमध्ये कडक शब्द आहेत, हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची ती रिवायत बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. दुसरीकडे, लढाईत नाक गमावलेल्या हजरत अरफजा (रजि.) यांना चांदीच्या नाकाचा त्रास होऊ लागला, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले, असे अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. म्हणून दोष किंवा त्रास दूर करण्याचा उपचार उलमा जायज मानतात. गुस्लमध्ये कुल्ली करताना काढता येणारे उपकरण काढावे. घट्ट बसवलेली तार सहज निघत नाही, तिला सवलत आहे. मनात शंका उरली तर मुफ्तीसाहेबांना विचारावे.

फुफींशी मात्र अम्मीनेच बोलावे, आणि मुलगी समोर नसताना. जाताना आधीच्या दवाखान्यात काढलेला एक्स-रे सोबत न्या, म्हणजे तो पुन्हा काढावा लागणार नाही.