जुना मॅक्रो, नवे ऑफिस

लातूरच्या तूर-सोयाबीनच्या अडतीत वा नांदेडच्या कापूस व्यवहारात ज्यांच्या हिशोबपट्ट्या एक्सेलच्या मॅक्रोवर निघतात, त्यांना नवे ऑफिस बसवताच तो मॅक्रो अडल्याचा अनुभव येऊ शकतो. दोष बहुधा तीन ठिकाणी असतो.

पहिला, २०२२ पासून ईमेल वा इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्ट रोखते. पाठवणारा खात्रीचा असेल तरच फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करावी. दुसरा, ३२ बिटसाठी लिहिलेली ‘डिक्लेअर’ वाक्ये ६४ बिट ऑफिसमध्ये अडतात. जाणकाराकडून त्यांत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घालून घ्यावा. तिसरा, मॅक्रोच्या खिडकीत ‘टूल्स’मधील ‘रेफरन्सेस’ यादीत एखाद्या नावापुढे ‘मिसिंग’ दिसते.

तथापि थांबलेला मॅक्रो परवडतो. निमूटपणे चुकीची रक्कम देणारा परवडत नाही. म्हणून गतवर्षी चुकती झालेली एक पट्टी नव्या ऑफिसवर पुन्हा काढावी. वजन, हमाली, तोलाई आणि निव्वळ देणे पैशापैशाने जुळले, तरच शेतकऱ्याच्या हाती नवी पट्टी द्यावी. तोवर जुन्या फाइलची प्रत निराळी जपावी. यंत्र बदलले तरी पट्टीवरील शब्द पेढीचाच असतो.