बाळ टोपलीत नको, मांडीवर हवं

तान्ह्या बाळाचा फोटो काढायचा का, या प्रश्नावर रत्नागिरीत हल्ली घरोघरी दोन तट पडतात. एका बाजूला आजी. सुवेर फिटू दे, बारसं होऊ दे, मग काय ते काढा. झोपलेल्या पोराचा तर मुळीच नको, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी आणि मुंबईचा जावई. त्यांच्या मोबाइलमध्ये ‘न्यूबॉर्न शूट’चं पॅकेज आधीच उतरलेलं असतं. बाळ कापडात गच्च गुंडाळलेलं, डोक्याला लोकरीची कानवाली टोपी, खाली वेताची टोपली, भोवती कागदी फुलं. आजीला ही थेरं वाटतात, मुलीला आजीचं बोलणं अडाणीपणाचं. मला विचाराल तर दोघी एकच चूक करतात. दोघींच्याही डोळ्यांपुढे बाळाचा एकट्याचा फोटो आहे. माझा पक्ष असा, की फोटो पहिल्या पंधरवड्यातच काढावा, घरात काढावा आणि त्यात बाळाबरोबर आई आणि बाप दोघंही असावेत. बाप नसेल तर रात्री उठून त्या बाळाला जो कोणी खांद्यावर घेतो, तो असावा.

आधी आजीचं ऐकू. तिला हसणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. कॅमेऱ्याने आयुष्य कमी होतं ही समजूत काही एकट्या कोकणाची नाही. दादासाहेब फाळके गोध्र्याचा स्टुडिओ गुंडाळून बडोद्याला परतले आणि तिथे त्यांनी फोटोग्राफीचा धंदा थाटला. कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, या अफवेने तो बसला. त्याच फाळक्यांनी पुढे १९१९ साली ‘कालिया मर्दन’मध्ये स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, बाळकृष्ण करून कॅमेऱ्यापुढे उभं केलं.

पण आजीची खरी भीती कॅमेऱ्याची नाहीच. तिला भीती आहे घाईने आनंद करण्याची. १९७१ साली या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. ज्या घरात पाळणा तीनदा हलला आणि मूल एकच राहिलं, तिथे ‘बघा आमचं बाळ’ म्हणून मिरवायला जीभ कशी धजावेल? नाव बाराव्या दिवशी ठेवायचं, झबली-टोपरी आधी आणायची नाहीत, कौतुक केलं की गालाला तीट लावायची, या सगळ्यामागे तोच हिशेब होता. आता हिशेब बदलला आहे. २०२० साली हे प्रमाण देशात हजारी २८ आणि महाराष्ट्रात १६ होतं. बाळ राहणार आहे, आजी. फोटो काढू दे.

सोळा म्हणजे शून्य नव्हे, असं आजी म्हणेल. बरोबर आहे तिचं. पण इथेच तिचा मुद्दा तिच्यावर उलटतो. जे बाळ काचेच्या पेटीतून घरी आलंच नाही, त्याच्या आई-बापाला फोटोची गरज सगळ्यांत जास्त असते. अमेरिकेत २००५ साली ‘नाउ आय ले मी डाउन टू स्लीप’ नावाची संस्था निघाली. मृत जन्मलेल्या किंवा जगण्याची आशा नसलेल्या बाळाचे आई-वडिलांबरोबरचे फोटो तिचे स्वयंसेवक छायाचित्रकार विनामूल्य काढून देतात. आपल्याकडे असं बाळ घाईघाईने नेतात, पुष्कळदा आईला दाखवतही नाहीत आणि वर तिलाच सांगतात, विसर. ती विसरत नाही. चारचौघांत दाखवायला तिच्याजवळ काही नसतं, एवढंच. या एका कारणासाठी मी ‘बारसं होऊ दे’ या सबबीच्या पूर्ण विरोधात आहे. आणि सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद अन् लेखणी मांडून सटवीला बाळाच्या कपाळी लिहायला बोलावणाऱ्या घराने एका फोटोला घाबरावं, हेही पटण्यासारखं नाही.

यापेक्षा हलका आक्षेप म्हणजे ‘आमच्या वेळी कुठे होते फोटो? काही अडलं का?’ मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. त्यानंतर दोन वर्षांनी रत्नागिरीत एका शाळामास्तरांच्या घरी लोकमान्य जन्मले. त्या घरात बाळाचा फोटो काढणं कुणाच्या डोक्यातही आलं नसेल, आणि त्याने त्यांचं काही अडलं नाही हे मान्य. पण नोंद करायचं सोडत होतो का आपण? पत्रिका मांडली जाई, वंशावळीत नाव चढे. त्या वंशावळी उघडून बघा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, पानंच्या पानं पुरुष. ज्यांनी या सगळ्यांना जन्म दिला त्या बायका कुठे आहेत? सरकारी कागदावर नावापुढे आधी आईचं आणि मग बापाचं नाव लावायला महाराष्ट्राला १ मे २०२४ उजाडावा लागला.

फोटोतूनही आई अशीच गायब झालेली आहे, आणि ही गोष्ट पॅकेजवाल्या मुलीने मुद्दाम ऐकावी. एकोणिसाव्या शतकात ओल्या काचेवर फोटो घेत तेव्हा काही सेकंद स्तब्ध राहावं लागे. तान्हं बाळ कसलं स्तब्ध राहतंय! म्हणून विलायतेतले फोटोवाले आईला खुर्चीत बसवत, तिच्या डोक्यावरून चादर किंवा पडदा टाकत आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवत. चादरीआडून आईचे हात बाळाला धरून. पुढे फ्रेमचा पुठ्ठा असा कापत की उरलीसुरली आईही झाकली जाई. असे शेकडो फोटो आज संग्रहांत आहेत, आणि बघताना अंगावर काटा येतो.

आज चादरीची गरज उरलेली नाही. बाळंतीण स्वतःच बाजूला होते. ‘शी, मी नको, अवतार बघ माझा.’ डोक्याला रुमाल, कानात कापूस, अंगात गाऊन, डोळे जागरणाने सुजलेले, खोलीत ओवा-शेपाच्या धुरीचा वास. तिला वाटतं, हे काय दाखवायचं! अहो, हेच दाखवायचं. वीस वर्षांनी ते पोर अल्बम उघडेल तेव्हा त्याला टोपलीतली टोपी बघायची नसेल. ती टोपी त्याच फोटोवाल्याकडे आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या बाळांनी घातलेली असते. आपल्यासाठी कोण किती जागलं, हे त्याला त्या रुमालावरून कळेल.

आता टोपलीचं. ही धाटणी जगभर पसरली त्यात ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या अ‍ॅन गेडिस यांचा मोठा वाटा. १९९६ सालच्या ‘डाउन इन द गार्डन’ या पुस्तकात त्यांनी बाळांची फुलं, किडे, रोपं केली आणि मग त्या धर्तीची पोस्टरं प्रसूतिगृहांच्या भिंतींवर येऊन बसली. त्यांचं कसब नाकारत नाही. पण त्यांचंच १९९३ सालचं एक छायाचित्र बघा. दिवस भरण्याआधीच जन्मलेली एक इवलीशी मुलगी एका माणसाच्या दोन रुंद पंजांत झोपली आहे. ना फूल, ना कुंडी. माझ्या मते त्यांच्या सगळ्या बागेपेक्षा हे एक चित्र भारी आहे, ते त्या पंजांमुळे.

नक्कल करणाऱ्यांनी मात्र पंजे सोडले आणि कुंड्या उचलल्या. त्यात धोकाही आहे. हनुवटी दोन्ही तळहातांवर टेकवून, कोपरं खाली रोवून बेडकासारखं बसलेलं बाळ तुम्ही पाहिलं असेल. ते बाळ तसं बसलेलं नसतं. तान्ह्याची मान धरत नाही. जाणकार फोटोवाला आधी डोकं धरून एक फोटो घेतो, मग मनगटं धरून दुसरा, आणि धरणारे हात संगणकावर पुसून दोन्ही जोडतो. हे माहीत नसलेला एखादा हौशी खरोखरच बाळाला तसं बसवायला जातो. शिवाय तान्हं बाळ कुडकुडून ऊब आणू शकत नाही. उघडं करून एसीच्या खोलीत दहा पोझ घ्यायच्या, की पंख्याशिवाय दिवे लावून घामाने निथळवायचं, असला पेच स्टुडिओत उभा राहतो. त्याला ऊब पुरवायची सगळ्यांत भरवशाची जागा आईची किंवा बापाची छाती. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास इन्क्युबेटर पुरेनात तेव्हा डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची बाळं आयांच्या छातीशी बांधली. आज ‘कांगारू मदर केअर’ म्हणून आपल्या सरकारी दवाखान्यांतही तेच शिकवतात. टोपलीत हे होत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जन्मलेल्या बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंतचंच बऱ्यापैकी दिसतं. पदराशी घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणजे बाळाची ती टक लावलेली, कपाळाला आठी घातलेली नजर फोटोत हवी असेल, तर समोर माणसाचा चेहरा हवाच. म्हणून तर एकट्या बाळाचे शूट बहुतेक झोपेत उरकावे लागतात. त्यात बाळ असतं, पण ते कुणाकडे बघत नसतं.

बापाचं काय? कोकणातल्या बाळंतपणात बाप हजर असण्याची पद्धतच नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि नवरा लालबाग-परळला गिरणीत. त्याला पत्र जायचं, रजा मिळाली तर तो बारशाला उगवायचा. म्हणून जुन्या अल्बमात पाळणा दिसतो, आत्या दिसते, शेजारपाजारच्या बायका दिसतात आणि बाप बाहेर पडवीत पानाला चुना लावत असतो. १९९८ च्या जानेवारीपासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, वाट सोपी झाली. रजा मात्र तशीच आखूड राहिली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. तो शनिवारी येतो आणि रविवारी रात्री कोकणकन्या पकडतो. त्या दीड दिवसात त्याने बाळाला हातात घेतलं होतं, अवघडून, कोपर वर धरून, श्वास रोखून, याचा पुरावा राहायला नको?

राहिला स्टेटसचा मुद्दा. फोटो काढणं वेगळं आणि चव्हाट्यावर टांगणं वेगळं. पहिल्याचा मी कैवारी आहे, दुसऱ्याचा नाही. आंघोळीचा, दूध पिण्याचा फोटो घराबाहेर जाता कामा नये. ज्याचा तो फोटो आहे त्याला अजून ‘नको’ म्हणता येत नाही. इथे आजीचं ‘दृष्ट लागेल’ मी निमूटपणे मान्य करतो.

रत्नागिरीच्या जुन्या घरात या कामाला स्टुडिओ लागतच नाही. कौलांमध्ये बसवलेल्या काचेच्या कौलातून सकाळी नऊ-दहाला माजघरात उजेड उतरतो, आणि पावसाळ्यात तर ढगांमुळे तो इतका मऊ असतो की फ्लॅशची आठवणही होत नाही. ब्लॉकमध्ये राहत असाल तर खिडकीजवळची खाट. बाळ नुकतंच प्यालेलं असावं, उचलणाऱ्याने हात धुतलेले असावेत, पंखा बंद. आईने साडी बदलू नये. आजीला तीट लावू द्यावी, फोटोत ती छान दिसते. आणि त्यातला एक तरी फोटो कागदावर छापून घ्यावा, कारण मोबाइल पाण्यात पडतात.

गावातल्या फोटोवाल्यांशी माझं भांडण नाही. ते पोट भरतात आणि गिऱ्हाईक मागतं ते देतात. त्यांना विनंती एवढीच, की दरपत्रकात ‘आई-वडिलांसह, घरी येऊन’ ही ओळ सगळ्यांत वर छापा आणि टोपलीचे पैसे वेगळे लावा.