पुराव्यावाचून बोलणारा कारकून

हिशेब, गोदाम, पगार आणि खरेदी-विक्री एकत्र सांभाळणाऱ्या व्यावसायिक संगणकप्रणालींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक बसविण्याची सध्या अहमहमिका लागली आहे. सॅप कंपनीने 2023 मध्ये 'जूल' जाहीर केला. झोहोने 2025 मध्ये 'झिया' हे स्वतःचे भाषाप्रारूप आणले. उद्या आपल्या बऱ्हाणपुरातला केळीचा आडत्या नुसते विचारील, "रावेरच्या व्यापाऱ्याकडून किती येणे आहे?" आणि क्षणात उत्तर मिळेल. या सोयीला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो पुराव्यावाचून दिलेल्या गुळगुळीत उत्तराला.

भाषाप्रारूप स्वभावतः अंदाज बांधते: कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द संभवतो, एवढेच ते जाणते. म्हणून त्याचे खोटेही खऱ्याइतकेच सुबक असते. 2025 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक निर्धारण-आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते! यंत्राने दिलेले संदर्भ पडताळल्यावाचून वापरू नयेत, असे न्यायालयाला बजावावे लागले.

यंत्र सुधारेल, चुका घटतील, असे सांगितले जाते. घटतीलही, पण उरलेल्या चुकीचा धनी कोण? आम्ही शासकीय सेवेत उमेदवारी करीत होतो, तेव्हा नस्तीतील पृष्ठक्रमांकाचा दाखला नसलेली टीप वरिष्ठ न वाचताच परत करीत. त्या वेळी राग येई. आज त्यातले शहाणपण कळते. खतावणी रोजकीर्दीवरून उतरते, कारकुनाच्या स्मरणावरून नव्हे.

तेव्हा सहायक घडविणाऱ्यांनी हाच दंडक पाळावा. प्रत्येक आकड्यासोबत बिलाचा क्रमांक व तारीख दाखवावी. नोंद नसेल, तर "सापडत नाही" असे स्वच्छ सांगावे. गोदामातल्या माणसाला इतरांचे पगारपत्रक उघडून देऊ नये. माणसाच्या संमतीवाचून वहीत एक अक्षरही लिहू नये.

या हिंदी मुलखात यंत्र मायबोलीत बोलू लागले, की आपले मन हरखेल. पण गोड मराठी म्हणजे खरा हिशेब नव्हे. सही आपली असते, आणि जाबही आपल्यालाच द्यावा लागतो.