जुन्या गाडीचे पेट्रोल कोणाच्या खात्यावर?

हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर ही मध्यम आकाराची सेडान उत्तरपाड्याच्या कारखान्यातून १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बाहेर पडत राहिली. मूळ नमुना इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डचा. दीर्घकाळ तिचे पेट्रोल इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे होते, गिअर चार, आणि पोलादी अंगाचे वजन टनाहून अधिक. अशी गाडी लिटरमागे दहा किलोमीटरच्या आसपास घुटमळली तर यंत्रशास्त्राला त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. नवल अर्थशास्त्राला वाटावयास हवे. १९७३-७४ साली खनिज तेलाची किंमत काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाली, तरी ही तहान विशेष कमी झाली नाही ती का?

स्पर्धेचा अभाव, हे नेहमीचे उत्तर खरे आहे, पण अपुरे. १९८३ साली मारुती रस्त्यावर आली आणि खासगी ग्राहक तिच्याकडे वळला. सरकारी ताफा मात्र त्यानंतरही दीर्घकाळ अ‍ॅम्बॅसडरचाच राहिला. गाडी निवडणारा अधिकारी पेट्रोलचे पैसे भरीत नव्हता आणि पैसे भरणारा करदाता गाडी निवडीत नव्हता. कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्याला ही चैन परवडणारी नव्हती. त्याचा प्रत्येक लिटर दिवसाच्या कमाईतून जाई. म्हणून कार्ब्युरेटर, प्लग, टायरमधील हवा यांकडे लक्ष देणे त्याला भाग होते. डिझेल इंजिनाची सोय झाल्यावर टॅक्सीवाले तिकडे वळले ते याच हिशेबाने.

असल्या किरकोळ निगराणीने काय साधणार, असे सुशिक्षित विचारतात. त्यांनी हिशेब मांडून पाहावा. दुर्लक्षित गाडी लिटरमागे दहावरून बारावर आली, तर हजार किलोमीटरला शंभराऐवजी सुमारे ८३ लिटर पुरतात. पंधराची गाडी टाकून वीसची नवी घेतली तरी बचत तेवढीच, सुमारे सतरा लिटर! 'लिटरमागे किलोमीटर' हे माप असे फसवे आहे. अधिक तहानेल्या गाडीतच थोड्या सुधारणेचे मोल अधिक.

२०१७ पासून आपल्याकडे मोटारींना इंधन-कार्यक्षमतेचे निकष लागू झाले, पण ते उत्पादकाच्या नव्या गाड्यांच्या सरासरीला. जुनी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेऊन तिच्यावर पोट भरणाऱ्याचा त्यांत विचार नाही. त्याला गाडी मोडीत काढण्याचा उपदेश करण्याआधी स्वस्त तपासणी व ट्यूनिंगची सोय द्यावी. आणि सरकारी खात्यांनी आपल्या लॉगबुकांतील किलोमीटर व लिटर दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावेत. नोंदी चालकाकडून करून घेतल्या जातातच. बेरजेला फार तर एक कारकून लागेल.