कचरा कोणी ठरवायचा?

मंडळी, आज जरा माझ्या प्रांताबाहेरचे लिहिते आहे. मी मराठीची बाई. विज्ञानाशी संबंध आला तो स्टाफरूममधल्या चहापुरताच. पण नात बायोटेक्नॉलॉजी शिकते, आणि 'आरएनए स्प्लायसिंग' तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकले की शेवटी वाचायलाच बसले. तेव्हापासून 'कचरा' या शब्दावर माझा राग आहे.

आधी प्रकार काय तो सांगते. जनुकावरून आरएनएची जी पहिली नक्कल निघते, तिच्यातले मधले तुकडे पेशी कापून टाकते आणि उरलेले सांधते. कापलेले ते इंट्रॉन, राखलेले ते एक्झॉन. शार्प आणि रॉबर्ट्स यांच्या गटांना हे १९७७ मध्ये एका विषाणूत दिसले. १९९३ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळाले. (सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहणाऱ्यांत लुईस चाऊ बाईही होत्या. त्यांना वाटा नाही. असो.)

कधी एखादा एक्झॉनही गाळला जातो, म्हणून एकाच जनुकातून निरनिराळी प्रथिने निघतात. फळमाशीच्या एका जनुकातून ३८,०१६ जुळण्या होऊ शकतात! आपल्याकडे प्रथिनांची जनुके सगळी मिळून वीस हजारांच्या आसपास. शब्द मोजके, वाक्ये अगणित.

मग कापलेल्याचे काय? 'जंक डीएनए' हा शब्द १९७२ पासून रुळला आणि इंट्रॉनही त्याच ढिगात गेले. आता स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी हा आजार पाहा. लहान मुलांचे स्नायू दुबळे होत जातात, कारण एसएमएन१ हे जनुक निकामी असते. त्याचे जुळे एसएमएन२ शाबूत असते, पण एका अक्षराच्या फरकाने त्याचा सातवा एक्झॉन बहुतेक वेळा गाळला जातो आणि प्रथिन अपुरे राहते. तो गाळायला लावणारी एक खूण २००६ मध्ये रवींद्र सिंग आणि सहकाऱ्यांना सापडली. कुठे? शेजारच्या इंट्रॉनमध्ये! तीच खूण झाकणारे नुसिनर्सेन हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाले. एरवी दोन वर्षेही न काढणारी काही बाळे त्यामुळे बसू लागली.

सगळा इंट्रॉन कामाचा असतो असे माझे म्हणणे नाही. बराचसा नसेलही. पण 'आम्हाला अजून कळले नाही' याला 'कचरा' म्हणणे ही भाषेची चूक आहे, आणि भाषेच्या चुका काढणे हा माझा जन्मभराचा धंदा. शब्दाने माणसाची नजर वळते हो! कचऱ्यात शोधायला पैसे कोण देणार? माशी आणि विषाणू यांवर वर्षानुवर्षे खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांनी त्या बाळांकडे पाहावे.

औषधाची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत मात्र पहिल्या वर्षाला साडेसात लाख डॉलर होती. नात म्हणते, आजी, आता यावर लिही. लिहीन, पण त्यासाठी आधी राग आवरायला हवा.