शब्दविचार : तूस, घसा आणि कुत्रें

निगडीस प्राधिकरणांत राहणाऱ्या आमच्या एका आप्तांकडे गेल्या वैशाखांत जाण्याचा योग आला. गृहस्थ निवृत्त इंग्रजी शिक्षक. आम्ही चहा घेत असतां त्यांचा नातू धांवत आला व म्हणाला, "आजोबा, शेजारीं हस्की आला!"

"कोणाचा रे घसा बसला?" आजोबांनीं विचारलें. मुलगा हसूं लागला. त्याच्या लेखीं त्या शब्दाला चार पाय, झुपकेदार शेपूट व निळे डोळे यांवांचून दुसरा अर्थच नव्हता.

वस्तुतः दोघांचेंही खरें होतें. धान्याच्या वरच्या आवरणास इंग्रजींत हस्क म्हणतात. त्यावरून हस्की म्हणजे तुसासारखें कोरडें, खरखरीत. आणि पुढें घोगरा आवाज. अमेरिकेंत दणकट, धिप्पाड माणसासही हाच शब्द लावतात. कुत्र्याचें नांव मात्र या घराण्यांतलें नव्हे. उत्तर ध्रुवाकडील लोकांस गोरे लोक एस्किमो म्हणत. (त्यांतील पुष्कळांस हें नांव आज अपमानास्पद वाटतें.) त्याचा अपभ्रंश प्रथम त्या लोकांस व मग त्यांच्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांस चिकटला, असें कोशकार मानतात.

आमच्या मराठीस एका शब्दावर इतकीं ओझीं घालण्याची गरज पडली नाहीं. भाताचें तें तूस, तांदळावरचा तो कोंडा, शेंगेचें टरफल, नारळाचें सोडण. चाकणच्या बाजारांत कांद्याचा उडतो तो पापुद्रा. कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी तर आमच्या म्हणींतच जाऊन बसली आहे. परंतु पलीकडे मावळांत भात पिकत असतां या मुलानें तूस कधीं पाहिलेंच नव्हतें. तांदूळ पिशवींतून येतो. मग त्याला दोष कसा द्यावा?

हे दोन्ही अर्थ एकदां मात्र एकत्र आले. १९२५ च्या जानेवारींत अलास्कांतील नोम या गांवीं घटसर्पाची सांथ उद्भवली. या रोगांत मुलाचा आवाज घोगरा होतो, घशांत करडा पडदा धरतो व श्वास कोंडतो. प्रतिविष आगगाडीनें नेनानापर्यंत आलें. पुढचे सुमारें १,०८५ किलोमीटर बर्फांतून तें सुमारें वीस गाडीवानांनीं आळीपाळीनें, साडेपांच दिवसांत पोंचविलें. शेवटच्या टप्प्यांतील बाल्टो कुत्र्याचा पुतळा त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या बागेंत उभा राहिला. सर्वांत लांब व बिकट टप्पा ओढणारा टोगो मात्र मागें पडला. कीर्तीचा हा न्याय कुत्र्यांतही असावा याचें नवल वाटतें. आमच्या पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व तेथें पेनिसिलीन होऊं लागलें. घटसर्पाचे जंतू त्यानें मरतात. परंतु त्यांचें विष उतरविण्यास प्रतिविषच लागतें, आणि मुलांस वेळेवर लस टोंचली तर दोहोंचीही गरज पडत नाहीं.

नंतर आम्ही शेजारीं गेलों. बिचारें जनावर स्वयंपाकघरांतील फरशीवर धापा टाकीत पडलें होतें. मालक त्याचे केस भादरण्याच्या विचारांत होते. ती दुहेरी लोकर ऊनही अडविते, म्हणून भादरूं नये. गार जागा, भरपूर पाणी व पहाटेचें फिरणें सांभाळावें, असें आम्हीं सुचविलें. त्यांना तें पटलें.

निघतांना नातवानें विचारलें, "आजोबा, तूस कसें असतें?" वडगांवच्या गिरणींतून मूठभर आणण्याचें आजोबांनीं कबूल केलें आहे.